लिव्हरपूलची बीटल्सवारी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

बीटल्ससाठी लिव्हरपूलला जायचं पक्कं झालं, व्हिसा हातात आला, की हॉटेल शोधण्याच्या आधी एक काम उरका. नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या संकेतस्थळावर जा आणि जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांच्या लहानपणीच्या घरांची सहल कोणत्या दिवशी शिल्लक आहे ते पाहा. ही दोन्ही घरं ट्रस्टच्या ताब्यात आहेत आणि आत जायचा एकच मार्ग आहे: ट्रस्टची छोटी बस, तिच्यातल्या मोजक्या जागा आणि आधी काढलेलं तिकीट. दारात उभं राहून तिकीट मिळत नाही. उन्हाळ्यातल्या तारखा फार आधी भरतात आणि हिवाळ्यात घरं बंद असतात. त्या तिकिटाची तारीख मिळाली, की बाकीचा सगळा बेत तिच्या मागे-पुढे बसवा.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. बहुतेक लोक शहराच्या मधोमध, बीटल्स जिथे वाजवत त्या कॅव्हर्न क्लबच्या मॅथ्यू स्ट्रीटवर जातात, फोटो काढतात, संध्याकाळी गाणी ऐकतात आणि परततात. तेही छानच. पण बीटल्स या बँडची ही चार मुलं, म्हणजे जॉन, पॉल, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार, जिथे वाढली, भेटली, गाणी लिहायला लागली, ते लिव्हरपूल दक्षिणेच्या उपनगरांत आहे. साधी घरं, साधे रस्ते आणि एकमेकांपासून चालत जाता येतील अशी अंतरं. माझ्या मते ही वारी तिथेच घडते, म्हणून निदान एक अख्खा दिवस त्या भागासाठी राखून ठेवा.

पोचणं आणि राहणं

लंडनच्या यूस्टन स्थानकावरून लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकात थेट गाडी येते, साधारण सव्वादोन तासांत. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडतं. त्याच दिवशी खिडकीवर काढलेलं फार महाग पडतं. मँचेस्टरच्या विमानतळावर उतरलात तर तिथूनही लाइम स्ट्रीटला थेट गाड्या आहेत. लिव्हरपूलच्या स्वतःच्या विमानतळाला जॉन लेननचंच नाव आहे आणि बाहेर बीटल्सच्या गाण्यातली मोठी पिवळी पाणबुडी उभी आहे, पण तिथे उतरतात ती मुख्यतः युरोपातली विमानं.

राहायला शहराचा मध्यभाग घ्या. लाइम स्ट्रीट, मॅथ्यू स्ट्रीट आणि नदीकाठ या तिन्ही जागा पायी गाठता येतात. तारखा ठरवताना फुटबॉलचं वेळापत्रक मात्र जरूर बघा. घरच्या मैदानावर सामना असला, की खोल्यांचे दर कुठल्या कुठे जातात. एप्रिलमध्ये एन्ट्री (Aintree) इथल्या मैदानावर ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत असते, तेव्हाही तेच.

सामानात छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट ठेवा. मर्सी नदीवरून येणारा वारा छत्री टिकू देत नाही. बसमध्ये बँकेचं कार्ड टेकवून पैसे देता येतात, सुट्ट्या नाण्यांची गरज पडत नाही.

सुरुवात नदीपासून करा

पहिल्या दिवशी मॅथ्यू स्ट्रीटकडे न वळता आधी पिअर हेडला जा. हा जुना धक्का. अमेरिकेला जाणारी जहाजं याच किनाऱ्यावरून सुटायची. हे बंदर डोळ्यांखालून घातलं, की हा बँड याच शहरात का जन्मला ते समजायला लागतं. जॉनचे वडील आल्फ्रेड जहाजावर स्ट्युअर्ड होते. जॉर्जचे वडील हॅरोल्ड व्हाइट स्टार लाइनच्या जहाजांवर त्याच कामाला होते, पुढे ते बसवर लागले. पॉलचे वडील जिम कापसाच्या बाजारात विक्रेते. तो कापूसही याच बंदरात उतरायचा. न्यूयॉर्कच्या फेऱ्या करणारे खलाशी तिथले कपडे आणि तबकड्या घरी आणत, आणि अमेरिकी संगीताची चटक या शहराला लागली त्यात त्यांचाही वाटा होता. १९६० साली ही मुलं कमवायला गेली तेही हॅम्बुर्गला, म्हणजे दुसऱ्या एका बंदरात.

पिअर हेडला चौघांचा ब्राँझचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला. लोक त्यांच्यामध्ये उभं राहून फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही जरा थांबा, जवळून बघा. जॉनच्या हातात ओकची दोन फळं आहेत, कारण १९६९ मध्ये त्याने आणि योको ओनोने जगभरच्या नेत्यांना शांततेसाठी ओकची फळं पाठवली होती. जॉर्जच्या कोटाच्या पट्ट्यावर संस्कृत अक्षरं कोरली आहेत. रिंगोच्या बुटाच्या तळव्यावर एल-आठ असं लिहिलंय. तो त्याच्या डिंगल भागाचा पोस्टाचा विभाग. पॉलकडे कॅमेरा आहे. सकाळी लवकर गेलात तर हे सगळं निवांत सापडतं. दुपारी रांग असते.

तिथून पाण्याच्या कडेने दक्षिणेकडे चालत गेलं, की रॉयल अल्बर्ट डॉक येतो. विटांची आणि लोखंडाची ही गोदामं १८४६ सालची. इथल्या तळघरात 'द बीटल्स स्टोरी' हे प्रदर्शन १९९० पासून आहे. बीटल्सबद्दल ज्यांना थोडंच माहीत आहे त्यांनी ते पहिल्याच दिवशी बघावं. घटनांचा क्रम डोक्यात बसतो आणि पुढच्या जागा ओळखीच्या वाटतात. ज्यांना तारखांसकट सगळं पाठ आहे त्यांनी तिकिटाचे पैसे वाचवून मॅथ्यू स्ट्रीटवरच्या लिव्हरपूल बीटल्स म्युझियममध्ये जावं. ते रिंगोच्या आधीचा बँडचा ड्रमर पीट बेस्ट याच्या धाकट्या भावाचं आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या वस्तू तिथे अधिक जवळून दिसतात.

डॉकवरूनच रंगीबेरंगी 'मॅजिकल मिस्ट्री टूर' बस सुटते. दोनेक तासांत ती उपनगरं फिरवून आणते, फोटोसाठी थांबते आणि शेवटी कॅव्हर्नच्या जवळ सोडते. ही बस कुठल्याही घराच्या आत नेत नाही. नॅशनल ट्रस्टची सहल आणि ही बस एकच समजून अनेकांचा घोटाळा होतो, म्हणून तिकीट काढताना नीट वाचा. एकच दिवस हातात असेल किंवा सोबत जास्त न चालू शकणारं कुणी असेल, तर ही बस सोयीची.

मॅथ्यू स्ट्रीट आणि कॅव्हर्न

कॅव्हर्न क्लब १९५७ साली जॅझसाठी सुरू झाला. फळांच्या गोदामांच्या गल्लीतलं एक कोंदट तळघर. बीटल्सनी तिथे पहिल्यांदा वाजवलं ९ फेब्रुवारी १९६१ ला, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. समोर आसपासच्या कचेऱ्यांतल्या टायपिस्ट मुली आणि कारकून पोरं. पुढच्या अडीच वर्षांत त्यांनी तिथे पावणेतीनशेच्या आसपास वेळा वाजवलं. शेवटची खेप ३ ऑगस्ट १९६३.

आता तुम्ही ज्या कॅव्हर्नमध्ये उतरता ते मूळ तळघर नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. जमिनीखालच्या रेल्वेत हवा खेळवायला उभी विहीर लागणार म्हणून १९७३ साली क्लब बंद करून वरची इमारत पाडली. ती विहीर कधी बांधलीच नाही. १९८४ मध्ये बऱ्याचशा त्याच जागेवर, मूळ विटांपैकी काही वापरून, क्लब पुन्हा उभा राहिला. हे कळल्यावर काही जणांचा विरस होतो. माझा होत नाही. पायऱ्या उतरताना अंगावर येणारी ती ओल, कमानींखालचा तो बुटका मंच आणि दिवसाउजेडीसुद्धा तिथे कुणीतरी मनापासून गिटार वाजवत असणं, हे खरंच आहे. दुपारी जा. गर्दी कमी असते, बसायला जागा मिळते आणि गाणारा फर्माईश ऐकतो. शनिवारी रात्री त्या गल्लीत पार्टीला आलेल्यांची रेटारेटी असते. गाणं ऐकायचं असेल तर ती वेळ टाळा.

मूळ कॅव्हर्नमध्ये दारू मिळत नसे, म्हणून मुलं समोरच्या 'द ग्रेप्स' या पबमध्ये जात. तो पब अजून आहे. दोन-चार मिनिटांवर व्हाइटचॅपल रस्त्यावर ब्रायन एपस्टाईनचा पुतळा आहे. त्याच्या घरच्यांचं तबकड्यांचं दुकान याच रस्त्यावर होतं. ९ नोव्हेंबर १९६१ ला तो तिथून चालत कॅव्हर्नला आला आणि पुढे बँडचा मॅनेजर झाला. ते अंतर स्वतः चालून बघा. इतक्या जवळ होतं ते सगळं.

वुल्टनचा दिवस

आता वारीचा गाभा. नॅशनल ट्रस्टची सहल सकाळची मिळाली तर उत्तम, म्हणजे उरलेला दिवस पायी फिरायला मोकळा राहतो. बस कुठून सुटते ते तिकिटावर लिहिलेलं असतं. दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. ती कुणासाठी थांबत नाही.

'मेंडिप्स' हे जॉनचं घर, वुल्टन या दक्षिणेच्या उपनगरात, २५१ मेनलव्ह ॲव्हेन्यू. मिमी मावशी आणि तिचे यजमान जॉर्ज स्मिथ यांनी त्याला इथे वाढवलं. योको ओनोने हे घर २००२ मध्ये विकत घेऊन ट्रस्टला दिलं. बागेचं, रंगीत काचांच्या खिडक्यांचं, मध्यमवर्गीय घर आहे. जॉनची पुढची बंडखोर प्रतिमा मनात धरून आलेल्याला आश्चर्य वाटतं. त्याची खोली दरवाजाच्या वर, पलंग ठेवला की संपेल एवढी. गिटारचा आवाज नको म्हणून मावशी त्याला पुढच्या काचेच्या पडवीत पाठवायची. पॉल आला की दोघंही तिथेच उभे राहून गायचे, कारण त्या चिंचोळ्या जागेत आवाज छान घुमतो. सहलीत तिथे उभं राहायला मिळतं. एखादा सूर लावून बघायला संकोच करू नका.

२० फोर्थलिन रोड हे पॉलचं घर, ॲलर्टनमध्ये. हे नगरपालिकेने बांधलेल्या घरांपैकी, एका ओळीतलं. मॅकार्टनी कुटुंब १९५५ साली इथे आलं आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पॉलची आई मेरी गेली. ती परिचारिका होती. वडिलांचा स्वतःचा जॅझ बँड असायचा पूर्वी, त्यामुळे पुढच्या खोलीत पियानो. दुपारी वडील कामावर गेले, की शाळा बुडवून जॉन आणि पॉल याच खोलीत समोरासमोर बसून गाणी रचायचे. पॉलचा धाकटा भाऊ माइक याने काढलेले त्या काळातले फोटो, जिथे काढले त्याच जागी भिंतीवर लावलेत. फोटोत दिसणारी खिडकी आणि समोरची खिडकी एकच आहे हे लक्षात येतं तेव्हा तुम्ही काही क्षण काही बोलत नाही.

दोन्ही घरांत फोटो काढायला मनाई आहे. फोन आणि पिशव्या दारात ठेवाव्या लागतात. सुरुवातीला हे अनेकांना जड जातं, पण मला तो नियम मनापासून आवडतो. सगळे जण खरोखर बघत असतात. घर दाखवणाऱ्यांना प्रश्न विचारा. ते पाठ केलेलं बोलत नाहीत, त्यांचा त्या घरांवर जीव आहे.

सहल संपली की वुल्टनला परत या आणि पायी फिरा. लाल वालुकाश्माच्या खाणींचं हे जुनं गाव. लिव्हरपूलच्या प्रचंड कॅथीड्रलचा दगड इथलाच. सेंट पीटर्स चर्चपासून सुरुवात करा. ६ जुलै १९५७, शनिवार. चर्चच्या जत्रेत जॉनचा शाळकरी बँड 'क्वारीमेन' मागच्या मैदानात वाजवत होता. संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या सभागृहात दोघांच्या एका मित्राने पॉलची ओळख करून दिली. पॉलने गिटार हातात घेऊन एक गाणं सगळ्या शब्दांसकट म्हणून दाखवलं. जॉन सोळाचा, पॉल नुकता पंधराचा. सभागृहाच्या भिंतीवर त्याची पाटी आहे.

चर्चच्या आवारात एलेनॉर रिग्बी या नावाची कबर आहे. ती बाई १९३९ साली वारली. याच नावाचं बीटल्सचं गाणं १९६६ चं. पॉलचं म्हणणं, हे नाव त्याने एका अभिनेत्रीच्या आणि ब्रिस्टलमधल्या एका दुकानाच्या नावावरून जुळवलं. पण जॉन आणि तो या कबरस्तानात उन्हाला येऊन बसायचे हेही त्यानेच सांगितलंय, तेव्हा मनात कुठेतरी राहिलं असेल. त्याच आवारात जॉनच्या त्या जॉर्ज काकांचीही कबर आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. जरूर शोधा. हे चालतं चर्च आहे. अंत्यविधी किंवा लग्न सुरू असेल तर बाहेर थांबा, कबरींवर पाय देऊ नका.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत बीकन्सफील्ड रोडवर स्ट्रॉबेरी फील्ड लागतं, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या गाण्यातलं. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेने १९३६ पासून चालवलेलं मुलांचं अनाथालय. जॉन लहानपणी इथल्या उन्हाळी मेळ्याला बँड ऐकायला यायचा, आणि झाडांत खेळायला भिंत ओलांडून शिरायचाही. अनाथालय २००५ साली बंद झालं. २०१९ पासून प्रदर्शन, बाग आणि कॅफे लोकांसाठी खुले आहेत आणि त्या उत्पन्नातून शिकायला अडचण असलेल्या तरुणांना कामाचं प्रशिक्षण दिलं जातं. रस्त्यावरचं लाल लोखंडी फाटक ही प्रतिकृती आहे. मूळ फाटक २०११ साली काढलं, ते आत बागेत ठेवलंय. बाहेर फोटो काढून निघून जाऊ नका.

इथून मेंडिप्स दहाएक मिनिटांवर. आता फाटकाबाहेरूनच बघायचं. जॉनची आई ज्युलिया १५ जुलै १९५८ ला बहिणीला भेटून या घरातून बाहेर पडली आणि बसथांब्याकडे जाताना याच रस्त्यावर गाडीखाली सापडली. जॉन सतरा वर्षांचा होता. पॉलची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. त्या दोघांना जवळ आणणारं हे दुःख होतं असं पुढे पॉलने अनेकदा सांगितलं. मेनलव्ह ॲव्हेन्यूवर आज गाड्या वेगाने जातात, रस्ता सिग्नलवरच ओलांडा.

मेंडिप्स आणि फोर्थलिन रोड यांच्यामध्ये गोल्फचं मैदान आहे. जॉन आणि पॉल ते तुडवत एकमेकांकडे जायचे. तुम्ही वळसा घालून रस्त्याने जा. खेळ चालू असतो आणि चेंडू जोरात येतो.

पेनी लेन

शहरातून ८६ नंबरची बस स्मिथडाउन रोडने या चौकाला येते आणि पुढे मॅदर ॲव्हेन्यूवर, म्हणजे पॉलच्या घराच्या तोंडाशी जाते. निघण्यापूर्वी वेळापत्रक तेवढं तपासा. पेनी लेन हा एक लांबट, शांत रस्ता आहे; बीटल्सच्या 'पेनी लेन' या गाण्यातली दुकानं, बँकेचा कोपरा आणि मधला निवारा हे सगळं त्याच्या टोकाच्या चौकात आहे. मुलं बस बदलायला इथे उतरायची. गाण्यातलं अग्निशमन केंद्र शोधत बसू नका. ते इथे नाहीच, मैलभर पुढे मॅदर ॲव्हेन्यूवर आहे. रस्त्याच्या पाट्या इतक्या वेळा चोरीला गेल्या, की कित्येक ठिकाणी नाव भिंतीवरच रंगवलं. एका पाटीवर २०१८ मध्ये खुद्द पॉलने सही केलीय. भिंतीवर तुमचं नाव लिहू नका. तासाभरात हा भाग होतो.

जॉर्ज आणि रिंगोला विसरू नका

जॉर्जचं जन्मघर १२ आर्नोल्ड ग्रोव्ह, वेव्हरट्रीमध्ये, एका बंद गल्लीत. २०२४ साली त्यावर निळी पाटी लागली. रिंगो डिंगलमध्ये ९ मॅड्रिन स्ट्रीटला जन्मला. त्या रस्त्यावरची घरं पाडायचं ठरलं होतं, लोकांनी विरोध केला आणि ती दुरुस्त होऊन पुन्हा राहती झाली. जवळच ॲडमिरल ग्रोव्हमधलं १० नंबरचं घर, जिथे तो मोठा झाला.

या घरांत आज इतर लोक राहतात. बेल वाजवू नका, खिडकीतून डोकावू नका, घोळक्याने गप्पा मारत उभे राहू नका. गल्ली इतकी अरुंद आहे की तुमचं बोलणं त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू जातं. या जागा विखुरलेल्या आहेत, म्हणून बीटल्सची माहिती असलेला टॅक्सीवाला गाईड दोन-तीन तासांसाठी घेणं सगळ्यात सोयीचं. चौघांत विभागलं तर खर्चही झेपतो.

कॅस्बा : एक तास जास्तीचा काढाच

वेस्ट डर्बीमध्ये ८ हेमन्स ग्रीन या मोठ्या जुन्या घराच्या तळघरात पीट बेस्टच्या आईने, मोनाने, २९ ऑगस्ट १९५९ ला कॉफी क्लब सुरू केला. मोना दिल्लीत जन्मलेली, पीट मद्रासमध्ये. १९४५ साली हे कुटुंब भारतातून जहाजाने लिव्हरपूलला आलं. उद्घाटनाच्या दिवशी जॉन, पॉल आणि जॉर्ज यांनी इथे वाजवलं. त्याआधी रंगकामही त्यांनीच केलं. पॉलने रंगवलेलं इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांचं छत अजून तसंच आहे, हात वर केला तर लागेल इतक्या खाली. ब्रशचे फटकारे कुठे जाड, कुठे घाईचे, ते सुद्धा दिसतात. नवं बांधलेलं इथे काही नाही. आधी वेळ ठरवूनच आत जाता येतं, तेव्हा वारीचा बेत करतानाच नोंदणी करा.

उरलेली संध्याकाळ आणि हंगाम

होप स्ट्रीटच्या आसपास पॉल आणि जॉर्जच्या जुन्या शाळेची इमारत आहे. पॉलच्या पुढाकाराने १९९६ पासून तिथे कलाशिक्षणाची संस्था चालते. शेजारीच जॉनचं आर्ट कॉलेज होतं. याच टेकडीवर 'फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स' हा नक्षीदार पब. जेवणात इथला खास पदार्थ म्हणजे स्काउस, मांस आणि बटाट्याचा खलाशांचा रस्सा. शाकाहारी असाल तर 'ब्लाइंड स्काउस' मागा, त्यात मांस नसतं.

ऑगस्टच्या शेवटी बीटलवीक असतो, जगभरचे बँड येऊन हीच गाणी वाजवतात. अनोळखी माणसांबरोबर रात्रभर गायचं असेल तर तेव्हा जा, मात्र खोली कित्येक महिने आधी घ्या आणि घरांची सहल त्या गर्दीत मिळेलच असं धरू नका. घरं शांतपणे बघायची असतील तर मे किंवा सप्टेंबरमधला आठवड्याच्या मधला दिवस निवडा. तेव्हा घरं उघडी असतात, दिवस मोठा असतो आणि वुल्टनमध्ये चालताना वाटेत फारसं कुणी लागत नाही.